मंगळावर बरोबर

शैलाबाईंच्या घरातलं घड्याळ भर दुपारी रात्रीचे दहा वाजवायचं. त्यांची आणि आमची भिंत एकच. एखाद्या रविवारी मी अंगणात मिरच्या वाळत घालत असायची, ऊन अगदी डोक्यावर आलेलं असायचं, आणि भिंतीपलीकडून टण्ण टण्ण करत दहा टोले पडायचे. मग बाईंच्या खिडकीची दारं लागायची आणि बाईंचा हळू आवाज यायचा, "नितीन, झोप आता. लई रात्र झाली."

नव्या माणसाला वाटायचं, या घरात कुणाचं तरी डोकं फिरलेलं आहे. गावात तसं म्हणणारे होतेच. पण बाईंचं डोकं जागेवर होतं. इतकं जागेवर असलेलं डोकं मी दुसरं पाहिलेलं नाही.

बेंबळीच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या शाळेत शैलाबाई शिकवायच्या आणि मी खिचडी शिजवायची. मी चौथीपर्यंत शिकले, पुढं घरच्यांनी घरी बसवलं. खिचडीची खोली बाईंच्या वर्गाला लागून होती आणि मधल्या दाराला कडी नव्हती, म्हणून डाळ शिजेपर्यंत मला पाचवी-सहावीचं सगळं ऐकू यायचं. हातात तांदूळ निवडायचं काम आणि कान पलीकडं. बाईंना ते माहीत होतं. कधी कधी त्या जरा मोठ्यानं शिकवतात असं मला वाटायचं, पण मी तसं कधी विचारलं नाही.

उंचीनं त्या कमी. साडी नेहमी गडद रंगाची, कारण फिकट साडीवर खडू दिसत नाही पण धूळ दिसते, असं त्या म्हणायच्या. चालताना उजवा हात जरा पुढं धरायच्या, हातात कुणाचं तरी बोट असल्यासारखा. चहात साखर कमी आणि बोलण्यात मीठ जास्त. आणि त्यांची एक सवय सगळ्या गावाला ठाऊक होती. पोराचं उत्तर चुकलं तर त्या "चूक" असं म्हणायच्या नाहीत. ते उत्तर कुठल्या ग्रहावर बरोबर आहे ते सांगायच्या.

एका पोरानं लिहिलं, सूर्य पश्चिमेला उगवतो. बाईंनी वहीवर लाल शाईनं लिहिलं, 'शुक्रावर बरोबर.' एका पोरीनं घाईघाईत दिवसाचे तास दहा लिहिले. बाई म्हणाल्या, "गुरूवर बरोबर हाय गं. तिथं दहा तासांत दिवस-रात्र उरकती. पण तू कुठं राहतीस?"

"बेंबळीजवळ," पोरगी म्हणाली.

"मग बेंबळीजवळचं लिही."

अकरा वर्षांच्या एका पोरानं दाखल्यासाठी वय सहा सांगितलं, तर बाई हसून म्हणाल्या, "मंगळावर बरोबर!" वर्गाला ते इतकं आवडलं की पोरं गल्लीतही तसंच बोलू लागली. कुणी गोटीत हरून जिंकलो म्हणाला की बाकीची ओरडायची, "मंगळावर बरोबर!" माझ्या नवऱ्यानं एकदा आमटीत मीठ जास्त झालंय म्हटलं, तेव्हा माझ्याही तोंडून तेच निघालं. तो बघतच राहिला, कारण घरात मी उलट बोलत नसे.

ग्रहांचा धडा बाई मैदानात घ्यायच्या. एका वर्षी त्या खिचडीच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "कमल, परात घेऊन बाहेर ये."

"कशाला बाई?"

"तुला सूर्य करायचाय."

मी पदर तोंडाशी धरला. चार माणसांत उभं राहायची मला सवय नव्हती. "बाई, मला न्हाय जमायचं. दुसऱ्या कुणाला तरी करा."

"अगं, सूर्याला काय बी करायचं नसतंय. नुसतं उभं राहायचं. फिरायचं काम बाकीच्यांचं."

मग मी मैदानाच्या मधोमध पोटाशी परात धरून उभी राहिले. एका पोरीला बाईंनी पृथ्वी केलं. तिनं स्वतःभोवती गिरक्या घेत माझ्याभोवती फिरायचं. एका पोराला लांब उभं करून मंगळ केलं. त्याचं रिंगण मोठं आणि पळायचंही जरा सावकाश. थोड्याच वेळात तो धापा टाकत ओरडला, "बाई, हिचे दोन फेरे व्हायला आले, माझा एक न्हाय झाला!"

"म्हणूनच तिथलं वर्ष लांब," बाई म्हणाल्या. "आपली जवळजवळ दोन वर्षं होतात तवा मंगळाचं एक होतंय. आणि ऋतूबी तसेच लांब. आपला उन्हाळा सरतो तवा तिथला अर्ध्यात असतो."

"नको बाई," मागून एक जण म्हणाला, "टँकर पुरायचे न्हाईत."

"तिथला उन्हाळा बर्फापेक्षा गार असतो."

"मग चालंल!"

"दिवाळीची सुट्टी?" दुसरा.

"दोन वर्षांतनं एकदा."

सगळा वर्ग हळहळला. बाई म्हणाल्या, "पण मी बघा, तिथं अजून तिशीचीसुद्धा न्हाय." तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती.

मग कुणीतरी विचारलं, दिवससुद्धा दुप्पट असतो का. बाई म्हणाल्या, "न्हाय. गंमत तीच हाय. वर्ष दुप्पट, पण दिवस जवळपास आपल्याएवढाच. पाऊण तासाला जरा कमी, एवढाच काय तो जास्त."

"म्हणजे शाळा तेवढी जास्त?"

"न्हाय रे. झोप तेवढी जास्त."

त्या दिवशी बाईंचा नितीन शाळेच्या फाटकाशी सायकल टेकवून उभा होता. बारावीला होता तो. मला परात घेऊन उभी बघून तो इतका हसला की सायकल पडली. तेव्हापासून तो मला सूर्यमावशी म्हणायचा. बाईंचा तो एकुलता एक. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते.

त्याच वर्षी थंडीत नितीनला ताप आला आणि तो डोक्यात गेला. सोलापूरला दवाखान्यात ठेवलं. पोरगं वाचलं, पण डोळे गेले. अंधूकही काही उरलं नाही. दिवस का रात्र, हेसुद्धा त्याला कळेना.

बाई रडल्या असतील, पण आम्हाला दिसल्या नाहीत. त्यांनी घरात दोऱ्या बांधल्या, पायऱ्या मोजायला शिकवल्या, बोलणारा मोबाईल आणला. वर्षभरात नितीन माझ्या दारापर्यंत एकटा यायला लागला. आवाज गोड होता, नकला छान करायचा. आमच्या कंडक्टरची नक्कल केली की माझा नवरा भाकरी खाता खाता ठसकायचा. आम्हाला वाटलं, चला, गाडी मार्गाला लागली.

मग त्याची झोप सरकायला लागली.

आधी रात्री अकराला झोपायचा, तो बाराला झोपायला लागला. मग एकला, मग दोनला. बाईंनी रागावून बघितलं, समजावून बघितलं. तो म्हणायचा, "आई, मी पडलोय की. झोपच येत न्हाय तर काय करू?" आणि सकाळी हलवून हलवून उठत नसे. आणखी काही दिवसांनी तो दिवसा गाढ झोपलेला आणि रात्रभर जागा. मग संध्याकाळी झोपायला लागला, मग आपोआप रात्री. आठ-दहा दिवस सगळं ठीक. बाईंनी देवापुढं साखर ठेवली. आणि पुन्हा अकराचे बारा, बाराचे एक.

काय काय नाही केलं बाईंनी! पहाटे गार पाण्यानं आंघोळ. कडक चहा. दिवसा झोपू नये म्हणून हाताला धरून गावभर फिरवणं. तो चालता चालता झोपायचा आणि बाई त्याला भिंतीला टेकवून उभं करायच्या. गावातली माणसं आपापलं सांगायची. कुणी म्हणालं, पोरगं आळशी झालं. कुणी म्हणालं, चोरून पितंय. आमच्या गल्लीतल्या गोदाआत्या म्हणाल्या, "बाहेरचं काय तरी हाय. येरमाळ्याला न्या."

बाईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी मंगळवार बघून त्या येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीला गेल्या. मीही बरोबर होते. नितीन दर्शनाच्या रांगेत उभ्यानं झोपला होता, माझ्या खांद्यावर डोकं टेकवून. पायऱ्या उतरताना मी विचारलं, "बाई, काय मागितलं?"

"सकाळ मागितली," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी रोज एक सकाळ."

शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी उलगडा केला. बाईंनी मला तो जसा सांगितला तसा लिहिते. माणसाच्या अंगात एक घड्याळ असतं. ते कुणाचंच अगदी बरोबर नसतं. बहुतेकांचं थोडं मागं पडणारं असतं. पण रोज सकाळी उजेड डोळ्यांत शिरतो आणि घड्याळ पुन्हा लावून देतो. नितीनच्या डोळ्यांत उजेड शिरत नाही. त्याचं घड्याळ लावणारं कुणी नाही, म्हणून ते आपल्या मनानं चाललंय. रोज थोडं मागं पडत महिना-सव्वा महिन्यानं फिरून आपल्याशी जुळतं, आणि पुन्हा निसटतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. काही जणांना लागू पडतात म्हणाले. नितीनला नाही पडल्या.

सांगून झाल्यावर बाईंनी गोळ्यांचं पाकीट फळीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "कमल, तू सूर्य झाली होतीस तवा त्या पोरानं विचारलं होतं. मंगळाचा दिवस केवढा? आठवतं?"

मला आठवत होतं. पाऊण तासाला जरा कमी, एवढा जास्त.

"नितीनचा दिवस तेवढाच हाय. मी बघितलं ताडून." त्या हसल्या, पण ते हसणं तोंडापर्यंतच आलं. "माझं पोरगं चुकत न्हाय गं. मंगळावर बरोबर हाय ते. तिथं असता तर कोंबड्यासंगं उठला असता."

तरीही त्यांनी एकदा त्याला पृथ्वीवर धरून बघितलं. त्यांचा एक जुना विद्यार्थी धाराशिवला बी-बियाणांचं मोठं दुकान चालवायचा. फोनवरून शेतकऱ्यांच्या ऑर्डरी घ्यायला त्याला माणूस हवा होता. नितीनला सगळ्या बियाणांची नावं एकदा ऐकून पाठ झाली. बाईंना त्या नोकरीतून एकच गोष्ट पाहिजे होती. त्या मला उघड म्हणायच्या, "पगार जाऊ दे. माझ्यामागं त्याच्या वेळेला त्याला ताट कोण वाढणार? चार माणसांत रुजला तर त्यांच्यातलं कुणी तरी वाढंल."

पहिले आठ दिवस सोन्याचे गेले. नितीनचा दिवस तेव्हा आपल्या दिवसाशी जुळलेला होता. इस्त्रीचा सदरा घालून तो सकाळच्या गाडीनं जायचा आणि संध्याकाळी येऊन दुकानातल्या गमती सांगायचा. शेतकऱ्यांचे आवाज काढून दाखवायचा. "सायेब, मागच्या बारीचं बी उगवलंच न्हाय की वो!" "पेरलं होतं का पण?" "ते न्हाय आठवत!" बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. पण एकीकडं त्यांची नजर दारातल्या उन्हावर असायची. भरलेल्या घागरीला चीर गेलीय हे माहीत असलेल्या बाईसारखी.

मग तो सरकला. दुकानाचा मालक चांगला होता. म्हणाला, "बाई, उशिरा येऊ द्या. चार दिवस अकराला, चार दिवस बाराला." पण सरकणाऱ्या माणसाला किती सवलत देणार? नितीन दुपारी चारला उठायला लागला तेव्हा दुकान मिटायची वेळ होत आलेली असायची. एक दिवस हट्टानं तो जागाच राहिला, सकाळच्या गाडीनं गेला आणि फोन कानाला लावून झोपला. पलीकडून शेतकरी "हॅलो, हॅलो" करत होता म्हणे. मालकानं स्वतःच्या गाडीनं त्याला घरी आणून सोडलं. दारात उभा राहून त्यानं बाईंना हात जोडले. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाई, तुमी मला पाढे शिकवले," तो म्हणाला. "तुमच्यासाठी काय पण केलं असतं. पण हे मला जमंना."

"तुझं काय चुकलं न्हाय रे," बाई म्हणाल्या. "त्याचंबी न्हाय." त्याला चहा दिला. तो गेल्यावर उंबऱ्यात बसून राहिल्या. मी भिंतीपलीकडून बघत होते.

त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंनी माळ्यावरचं जुनं टोल्यांचं घड्याळ काढलं, माझ्याकडं एक बाजू धरायला दिली आणि आम्ही ते गाडीत घालून धाराशिवला नेलं. तिथं एक म्हातारे घड्याळवाले चाचा बसायचे. बाई त्यांना म्हणाल्या, "हे घड्याळ दिवसाला चाळीसेक मिनिटं मागं पडलं पाहिजे."

चाचांनी डोळ्याची काच काढली. "बाई, जिंदगी गई मेरी पीछे पडनेवाली घडियाँ ठीक करने में. आज तक कोई बोला नहीं के चलती घडी को बिगाडो."

"बिघडवायचं न्हाय, चाचा. एका माणसाच्या मापाचं करायचंय. शिंपी करतो तसं."

आणि बाईंनी त्यांना नितीनचं सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं. मग खालचा लंबक काढून त्याला लांब दांडी बसवली. लंबक जितका लांब, तितका सावकाश हलतो. दोनदा आम्हाला परत जावं लागलं तेव्हा ते जमलं. चाचांनी कामाचं काही घेतलं नाही. म्हणाले, "इसका बिल कौनसे टाइम पे बनाऊँ?"

घड्याळ भिंतीवर लागलं आणि घर शांत झालं. नितीन उठायचा तेव्हा घड्याळात सकाळचे सात-साडेसात झालेले असायचे, बाहेर काही का असेना. तो टोले मोजायचा. बाराला जेवायचा, आठला पुन्हा जेवायचा, दहाला झोपायचा. नियमशीर. त्याला आता कुणी आळशी म्हणायचं नाही, निदान त्याच्या घरात तरी. त्याच्या सदऱ्याला पुन्हा इस्त्री दिसायला लागली. माझ्या दारात आला की पहिला प्रश्न ठरलेला, परदेशातून फोन केल्यासारखा, "सूर्यमावशी, तुमच्याकडं किती वाजले?"

मी म्हणायची, "दुपारचे चार. तुझ्याकडं?"

"माझ्याकडं आत्ताच उजाडलंय. चहा टाका."

महिन्या-सव्वा महिन्यानं दोन्हीकडं एकच वेळ यायची. बाई त्याला भेटीचे दिवस म्हणायच्या. सणासारखे करायच्या. पुरणाची पोळी, नाही तर धपाटी. आम्हालाही बोलावणं असायचं. सगळे एका पंगतीला बसायचो. बाई वाढता वाढता नितीनकडं अशा बघायच्या, जणू तो लांबच्या गावाहून चार दिवसांच्या सुट्टीवर आलाय.

घड्याळाच्या भानगडी पण झाल्या. एका संकष्टीला आभाळ भरून आलेलं. गोदाआत्यांना दिवसभराचा उपास, चंद्र काही दिसेना. बाईंच्या घरातनं नऊ टोले पडले. आत्यांना वाटलं, चंद्रोदय झाला असणार. त्यांनी नैवेद्य दाखवला आणि जेवून मोकळ्या झाल्या. खरे वाजले होते साडेसात. पुढं ढग सरकले आणि हा एवढा चंद्र कडुनिंबामागून वर आला. आत्या तणतणत बाईंच्या दारात.

"मास्तरीण, तुझ्या घड्याळानं माझा उपास बाटवला गं!"

बाई घाईनं बाहेर आल्या. "आत्या, तुमी कशाला वो त्याच्यावर गेलात? ते मंगळाचं हाय."

"मग मंगळावर चंद्र नसतोय व्हय?"

"दोन हायत की. त्यातला एक नक्की उगवला आसंल. तुमचा उपास त्याला पावला."

आत्यांनी दोन बोटं पुढं धरून बघितली. मग म्हणाल्या, "दोन हायत म्हंजे संकष्ट्यापण दोन?" आणि स्वतःच हसत सुटल्या. त्यानंतर त्या नितीनसाठी अधूनमधून लाह्या आणून ठेवायच्या. पोरगं रात्री जागं असलं तर खाईल म्हणून.

हे सगळं गोड वाटतं लिहिताना. पण नितीन मंगळावर राहायचा आणि शाळा पृथ्वीवर भरायची, आणि बाईंना दोन्हीकडं हजर राहावं लागायचं. त्याच्या दुपारच्या जेवणाला त्या रात्री उठायच्या, आणि आपल्या सकाळी दहाला वर्गात उभ्या. मी म्हणायची, डबा करून ठेवा, तो घेईल वाढून. त्या म्हणायच्या, "घेतो की. आंधळा हाय, लुळा न्हाय. पण कमल, सगळं जग झोपलेलं असताना एकट्यानं जेवायचं, कुणी बोलायला न्हाय, असं रोज करून बघ."

एक दिवस मी खिचडी ढवळत होते आणि वर्गातून काहीच आवाज येईना. पाचवीचा वर्ग इतका गप्प कधी नसतो. दार ढकलून बघितलं. बाई खुर्चीत झोपल्या होत्या. हातात खडू. पुढं चाळीस पोरं तोंडावर बोट ठेवून बसलेली. वर्गाची मॉनिटर पुढच्या बाकावरून माझ्याकडं बघून कुजबुजली, "मावशी, बाईंकडं रात्र हाय." हेडमास्तर व्हरांड्यातून आले, दारात थांबले, आणि चपला हातात घेऊन परत गेले.

बाई जाग्या झाल्या तेव्हा पोरांपुढं ओशाळल्या. फळ्याकडं वळून उभ्या राहिल्या.

रिटायर झाल्यावर बरं होईल असं मला वाटलं होतं. नेमकं उलटं झालं. इतकी वर्षं ओढून धरलेलं अंग एकदम सैल पडलं. रक्तदाब वाढला. एकदा मागच्या पायरीवरून पडल्या आणि खुब्याला मार बसला. मी दोन्ही घरचं करू लागले. नितीनला त्याच्या वेळेला भाकरी नेऊन द्यायची. कधी वेळ चुकायची. माझ्या घरी सासऱ्यांचं अंथरुणातलं दुखणं होतं, लेक बाळंतपणाला आलेली होती. मी बाईंना म्हटलं, "नितीनला माझ्याकडं राहू द्या. मी बघते."

बाईंनी माझा हात धरला. "तुझ्या घरचा दिवस कोण करंल मग? एका माणसाला दोन ग्रह न्हाय गं झेपत. मी करून बघितलंय."

मग लातूरहून त्यांचा धाकटा भाऊ आला. वाईट माणूस नव्हता. बहिणीची दशा बघून तो तिच्या पायाशीच बसला. म्हणाला, "ताई, चल माझ्याकडं. दोघं बी चला. तिथं दवाखाना जवळ हाय. आणि पोराला महिनाभरात शिस्त लावतो बघ. सहाला उठवायचं म्हंजे उठवायचं. लाडानं झालंय हे सगळं."

"बाळू, लाडानं न्हाय झालं," बाई म्हणाल्या.

"दुपारी बारा वाजता झोपायचं, हे बरोबर हाय का?"

मी दाराशी होते. मला वाटलं, बाई आता म्हणतील. त्यांच्या ओठांवर आलंही होतं. पण त्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "न्हाय. इथं न्हाय बरोबर."

त्यांच्या तोंडून तसं मी पहिल्यांदाच ऐकलं.

निघायच्या दिवशी आम्ही घड्याळ उतरवलं. लंबक काढून वेगळा जुन्या साडीच्या धडप्यात गुंडाळला, कारण तो हलला तर टांगायची तार तुटते. घड्याळ थांबलं. मी विचारलं, "बाई, तिकडं गेल्यावर कुठल्या वेळेला लावायचं? कसं कळंल?"

"सोपं हाय," त्या म्हणाल्या. "तो उठला की सात."

लातूरहून एकदाच त्यांचा फोन आला. त्या बोलत होत्या आणि मी मागं टोले ऐकू येतात का म्हणून कान देऊन होते. आले नाहीत. शेवटी मीच विचारलं. म्हणाल्या, "बांधलेलंच हाय अजून. भावजयीला टोल्यांनी झोप येत न्हाय." मग म्हणाल्या, "तिचंबी बरोबर हाय." नितीनचं विचारलं तर म्हणाल्या, "उठवतात सहाला. बसून असतो." त्यानंतरच्या पावसाळ्यात बाई गेल्याचा निरोप आला. नितीनला कुठल्याशा वसतिगृहात ठेवलं असं कुणी सांगतं. तिथं सकाळी उठायची घंटा होते, जेवायची घंटा होते आणि दिवे बंद करायची पण होते. कुठल्या गावात, ते मला अजून कळलेलं नाही. त्याचा मोबाईल लागत नाही. मी दर थोड्या दिवसांनी लावते. कधी सकाळी, कधी रात्री. त्याच्याकडं किती वाजले असतील ते मला आता माहीत नाही.

ज्या दिवशी त्या गाव सोडून गेल्या, तो दिवस मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. फाट्यावर दुपारची लातूरची एस.टी. लागली होती. नितीनची तेव्हा मध्यरात्र होती. भावानं आणि कंडक्टरनं दोन्ही बाजूंनी धरून त्याला चढवलं, आणि बसल्या बसल्या तो आईच्या खांद्यावर झोपला. बाईंना खिडकीशी बसायचं होतं, पण खुब्यामुळं तिथवर सरकायला जमेना, म्हणून तो खिडकीशी आणि त्या आतल्या बाजूला. मांडीवर घड्याळ. मी शिदोरी वर दिली.

कंडक्टर म्हणाला, "बाई, पोराला तिकडं बसवा की. ऊन थेट तोंडावर येतंय त्याच्या."

गाडी सुरू झाली. मी परातीशिवायच्या सूर्यासारखी रस्त्याच्या कडेला नुसती उभी होते. ऊन खरंच थेट नितीनच्या तोंडावर येत होतं. त्याच्या मिटलेल्या पापण्यांवर, कपाळावर. त्याला त्याचं काहीच नव्हतं. तो गाढ झोपला होता. त्या डोळ्यांत ऊन शिरत नाही, हे बाईंइतकं जगात कुणाला माहीत होतं? सगळं दुखणं तेच तर होतं.

तरी गाडी वळेपर्यंत मी बघत होते. बाईंनी आपला पदर खांद्यावरून ओढून घेतला, दोन्ही हातांनी ताणला, आणि त्याच्या डोळ्यांवर सावली धरली.